कांडण, दळण आणि घरचें अन्न

आपल्या पूर्वजांचा आहार साधा, सकस व निसर्गाला धरून होता. घरोघर हातसडीचा तांदूळ, जात्यावरचें पीठ, गूळ व घाण्याचें तेल असे. गिरणी आली आणि सर्व बिघडलें, असें विधान अलीकडे वारंवार कानीं येतें. विधान करणारे गृहस्थ आधारादाखल चरकाचें, मानसोल्लासाचें किंवा भोजनकुतूहलाचें नांव घेतात. नांव घेतात, पान मात्र दाखवीत नाहींत. कित्येक कुटुंबें या समजुतीवर आपला व आपल्या मुलांचा रोजचा स्वयंपाक बेतूं लागलीं असल्यामुळें तिचा ऐतिहासिक आधार तपासणें हें आतां नुसत्या हौसेचें काम राहिलें नाहीं. साधनें पाहतां माझें मत असें बनलें आहे कीं, अख्खें धान्य आपल्या घरांत टिकलें तें दगडी जात्याच्या व लांकडी मुसळाच्या मर्यादेमुळें आणि बायकांच्या मनगटांवर. जेथें ऐपत होती तेथें कोंडा चाळून टाकण्याकडेच आपल्या पूर्वजांचा कल होता. हें मत कांहींना रुचणार नाहीं. म्हणून पुरावा क्रमानें मांडतों.

मानसोल्लास अथवा अभिलषितार्थचिंतामणि हा कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ग्रंथ. त्यांतील ज्योतिषगणितास शके १०५१ (इ. स. ११२९) हें वर्ष धरलें असल्यामुळें ग्रंथाच्या काळाविषयीं फारसा वाद उरत नाहीं. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं संपादिलेले त्याचे पहिले दोन भाग १९२५ व १९३९ सालीं प्रसिद्ध झाले. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस हा ग्रंथ विशेष परिचित आहे तो गीतप्रकरणांतील एका उल्लेखामुळें. महाराष्ट्रांत स्त्रिया कांडतांना ओवी गातात, असें सोमेश्वर तेथें सांगतो. ओवीचें प्राचीनत्व सिद्ध करण्यासाठीं हा उल्लेख इतक्या वेळां पुढें केला गेला आहे कीं, त्यांतील 'कंडन' या शब्दाकडे क्वचितच कोणी थांबून पाहतो. आहाराच्या इतिहासाच्या दृष्टीनें तो शब्द ओवीहून कमी मोलाचा नाहीं. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत या देशांत धान्य घरीं कांडलें जाई, तें स्त्रिया कांडीत, आणि तें काम इतकें नित्याचें व लांबणारें होतें कीं त्याचें स्वतंत्र गाणें बनलें होतें व तें राजाच्या कानापर्यंत पोंचलें होतें, इतकें त्या एका शब्दांत आहे.

आतां त्याच ग्रंथांतील अन्नभोग प्रकरण उघडावें. तेथें मांड्यांची कृति आहे. गहूं धुवावे, उन्हांत वाळवावे, घरट्टावर बारीक दळावे, चाळणीनें चाळून त्यांतील कोंडा काढून टाकावा, मग तूप, मीठ व दूधपाणी घालून तें पीठ तिंबावें, असा तो क्रम आहे. आपल्याकडे मोठ्या जात्यास घरट म्हणतात तोच हा घरट्ट. कोंडा काढण्याची ही पायरी राजानें आवर्जून सांगितली आहे. म्हणजे एकाच ग्रंथांत दोन घरें दिसतात. एका घरांत बाई मुसळ घेऊन गात उभी आहे, आणि दुसऱ्यांत पांढरें शुभ्र पीठ दुधांत तिंबलें जात आहे. 'पूर्वजांचा आहार' म्हणणाऱ्यानें यांतलें कोणतें घर आपण निवडतों तें आधीं सांगितलें पाहिजे. राजानें तांदुळाच्या आठ जाती दिल्या आहेत; रक्तशालि, महाशालि, गंधशालि, षष्टिक इत्यादि. ही यादी निसर्गाहाराच्या पुरस्कर्त्यांस फार आवडते. परंतु जातींची विपुलता व धान्याची अख्खेपणा या दोन गोष्टी भिन्न आहेत.

कांडणाच्या कामाचें स्वरूप ठाऊक असल्याशिवाय पुढील विवेचन नीट उमगणार नाहीं. भातावरचें तूस काढणें ही एक क्रिया व तांदुळावरचा तांबूस पापुद्रा काढणें ही दुसरी. पहिली क्रिया थोड्या घावांत होते. दुसरीसाठीं तोच दाणा पुनः उखळांत घालून सडावा लागतो, सुपांत पाखडावा लागतो, आणि प्रत्येक खेपेस कण्या पडून वजन घटतें. चांगला पांढरा तांदूळ म्हणजे अधिक श्रम व कमी माल. उलट पक्षीं, पापुद्र्यांत स्निग्धांश असल्यामुळें तूस निघालेला तांबडट तांदूळ फार दिवस ठेवला तर खवट होतो. बाजरीचें पीठ तर थोड्या दिवसांतच कडू होतें. म्हणून धान्य कणगींत भाताच्या किंवा दाण्याच्या रूपानें सांठवावें आणि लागेल तसें कांडावें व दळावें, याखेरीज गृहिणीस दुसरा मार्ग नव्हता. ताजें व अख्खें अन्न हें या सांठवणीचें फळ होय. पहांटेचें जातें हेंही तिचेंच फळ. त्यामागें आहारशास्त्राचा उपदेश शोधणें मला अनवश्यक वाटतें. पूर्ण सडलेला पांढरा तांदूळ टिकतो, म्हणून व्यापाऱ्यास व सैन्याच्या कोठीवाल्यास तो सोयीचा. अख्खा तांदूळ घराबाहेर फार दूर जाऊं शकत नाहीं. घरचें अन्न अख्खें राहिलें याचें अर्धें कारण तें घरचें होतें हेंच.

कोंकण व गोमंतक येथील उकड्या तांदुळाचें उदाहरण याच जातीचें आहे. भात आधीं उकडून, वाळवून मग कांडलें म्हणजे तूस सहज सुटतें व कण्या कमी पडतात. उकडण्याच्या क्रियेंत पापुद्र्यांतील जीवनसत्त्वाचा अंश दाण्याच्या गाभ्यांत उतरतो हें विसाव्या शतकांतील संशोधनानें दाखविलें. परंतु ज्या बायकांनीं ही रीत चालविली त्यांस कण्या वांचवावयाच्या होत्या. लाभ खरा, हेतु निराळा.

जात्याचा इतिहास थोडक्यांत सांगतों, कारण त्याविषयीं अनेकांचा समज असा कीं तें वेदकाळापासून जसेंच्या तसें चालत आलें आहे. भीमेच्या खोऱ्यांतील घोड नदीकांठच्या इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्तींत मुख्य धान्य जव होतें आणि दळण्याची रीत सपाट पाट्यावर दगड पुढेंमागें घासण्याची होती. दोन तळ्यांचें, खुंट्यानें फिरविण्याचें जातें दक्षिणेंत फार पुढें, सातवाहन काळच्या थरांतून दिसूं लागतें. नेवाशाच्या उत्खननांत तें आढळलें व संकलियांनीं त्याकडे लक्ष वेधलें. आज महाराष्ट्राच्या पठारावर ज्वारीची भाकरी हें सनातन अन्न मानलें जातें. त्या इनामगांवच्या माणसास मात्र तें ठाऊक नव्हतें. सनातन हा शब्द भाकरीस लावतांना थोडा हात आंखडावा हें बरें.

कोंड्याविषयीं लोकांचें मत काय होतें हें कळण्यास पोथ्यांपेक्षां म्हणी अधिक उपयोगीं पडतात. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. कोंड्याचा मांडा करून खाणें म्हणजे जें हीन मिळेल तें गोड करून घेणें. दोन्ही म्हणींत कोंडा हें दारिद्र्याचें चिन्ह आहे. मांडा त्याच्या उलट टोकास उभा आहे, आणि मानसोल्लासांतील कृति वाचल्यावर हा विरोध किती नेमका आहे तें ध्यानांत येतें: मांडा म्हणजे ज्यांतून कोंडा काढला आहे असेंच अन्न. मुक्ताबाईनें ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजल्याची जी आख्यायिका महीपतीनें भक्तविजयांत सांगितली, तीही या प्रकाशांत पाहण्यासारखी आहे. विसोबानें कुंभारांस मना केल्यामुळें तिला खापर मिळालें नाहीं, ही त्या कथेंतील अडचण. वाळींत टाकलेल्या, भिक्षेवर राहणाऱ्या भावंडांनीं इच्छा केली ती कोंड्याच्या भाकरीची नव्हे. आख्यायिकेस इतिहास मानावें असें मी म्हणत नाहीं. सांगणाऱ्याच्या व ऐकणाऱ्याच्या मनांत चांगलें अन्न म्हणजे काय होतें, एवढ्यापुरताच तिचा पुरावा घ्यावा.

आतां वैद्यकाकडे वळूं. चरकानें शूकधान्यांत लोहितशालि म्हणजे तांबडा तांदूळ पथ्यकरांत श्रेष्ठ ठरविला आहे, आणि नित्य सेवन करावयाच्या पदार्थांत साळी, साठी, मूग, सैंधव, आंवळा, जव, दूध, तूप, मध इत्यादि गणले आहेत. त्याच यादींत जांगल पशूंचें मांसही आहे, हें निसर्गाहाराचे पुरस्कर्ते बहुधा सांगत नाहींत. तांबडा तांदूळ श्रेष्ठ म्हटला म्हणजे पापुद्र्यासकट खावा असा अर्थ कित्येक काढतात. तसा अर्थ संभवतो, कारण तांबडा रंग बहुतेक जातींत त्या पापुद्र्याचाच असतो व पुरता सडल्यावर तो जातो. परंतु ग्रंथकाराचा भर जातीवर आहे, सडण्यावर नाहीं, आणि वचनांत नसलेला शब्द आपण घालूं नये. वैद्यकाची तपासणी गुरु कीं लघु, उष्ण कीं शीत, या कसोट्यांवर चालते. आपण आज ज्यास अख्खें धान्य म्हणतों तो भेद त्या शास्त्राच्या मांडणींत मध्यवर्ती नाहीं.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील रघुनाथ गणेश नवहस्त याचें भोजनकुतूहल याच परंपरेंतलें. तंजावरच्या व्यंकोजी राजांची राणी दीपाबाई हिचा त्यास आश्रय होता, हें भांडारकर प्राच्यविद्यासंशोधन मंदिराचे कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं दाखवून दिलें. जुन्या वैद्यक व धर्मग्रंथांतील वचनें गोळा करून त्यांस ग्रंथकारानें देशी नांवांची जोड दिली आहे, आणि आपल्या दृष्टीनें खरें मोल त्या देशी नांवांचेंच आहे. गोड्यांनीं ज्वारी, हरभरा, पोहे, जिलबी अशा रोजच्या पदार्थांच्या इतिहासावर जें लिहिलें तें वाचतांना एक गोष्ट मनांत भरते: हा मनुष्य कधीं पूर्वजांच्या स्तुतीसाठीं हस्तलिखित उघडीत नसे. एक धान्य कोणत्या ग्रंथांत प्रथम कोणत्या नांवानें येतें, एवढेंच तो विचारी व पुढें जाई. आहाराच्या इतिहासांत ती शिस्त अजून विरळाच दिसते.

तत्त्व म्हणून निसर्गाच्या अन्नाचा आग्रह आपल्या परंपरेंत कोठेंच नव्हता काय? होता, पण तो व्रताच्या रूपानें व वर्षांतून ठराविक दिवशीं. भाद्रपद शुद्ध पंचमीस, ऋषिपंचमीच्या दिवशीं, स्त्रिया बैलाच्या श्रमाचें कांहीं खात नाहींत. देवभात, हातानें खणून लावलेल्या भाज्या, कंदमुळें, रानांतला पाला यांचीच ऋषीची भाजी होते. नांगर न लागलेल्या भूमीच्या अन्नाची ही कल्पना वानप्रस्थाच्या आचाराशीं नातें सांगते. येथेंही हें अन्न नित्याचें कोणी मानलेलें नाहीं; तें एका दिवसाचें, व्रतस्थाचें, आणि मुख्यतः बायकांचें. घरांतल्या पुरुषानें त्या दिवशीं काय खाल्लें याविषयीं व्रतकथा फारशी चौकशी करीत नाहीं.

पेशवाईच्या काळाविषयीं लिहितांना आपले लेखक बहुधा सवाई माधवरावांच्या लग्नाच्या पंक्तींकडे धांव घेतात. पंक्तींच्या यादी रम्य आहेत, पण त्यांवरून घरचें अन्न कळत नाहीं. कै. ना. गो. चापेकरांनीं 'पेशवाईच्या सावलींत' या ग्रंथांत जमाखर्चाच्या कागदांतून लोकस्थिति काढून दाखविली, तो मार्ग अधिक फलदायी होय. अशा कागदांत शब्द नीट पाहावे लागतात. 'भात' लिहिलें असेल तेथें तुसासकट धान्य, 'तांदूळ' असेल तेथें कांडलेलें. 'गहूं' निराळे व 'कणीक' निराळी. रवा व मैदा तर चाळणीवांचून होतच नाहीं. ब्राह्मणास द्यावयाचा शिधा तांदूळ, डाळ, कणीक, तूप, गूळ असा तयार स्वरूपांत लिहिलेला आढळतो. हें धान्य कोणीतरी आधीं कांडलें व दळलें आहे. त्या कोणाचें नांव यादींत येत नाहीं, कारण घरच्या बाईच्या श्रमास खर्चाचें कलम नसे.

छापील पाकशास्त्राचा काळ याहून फार निराळा नाहीं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें सूपशास्त्र १८७५ सालीं निघालें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचा गृहिणीमित्र १९१० सालीं. अशा पुस्तकांस अपेक्षित असलेली गृहिणी बारीक रवा, चाळलेलें पीठ व स्वच्छ साखर वापरणारी आहे. गिरणीनें तिच्यावर पांढरें अन्न लादलें असें म्हणण्यापेक्षां, मानसोल्लासापासून जें राजाच्या पानांत होतें तें गिरणीनें मध्यमवर्गाच्या पानांत आणून ठेवलें, असें म्हणणें सत्यास अधिक धरून होईल. त्यांतही भेद केला पाहिजे. गांवोगांव निघालेली पिठाची चक्की दगडाचीच. ती कोंडा काढीत नाहीं, तो काढते चाळण. खरा पालट झाला तो भाताच्या गिरणीनें. जें काम पूर्वीं तीनतीनदां सडून, मनगटें दुखवून होई तें यंत्रानें एका फेरींत व नाममात्र खर्चांत होऊं लागलें. त्याचा परिणाम पूर्वेकडील देशांत, जेथें तांदुळावांचून दुसरें अन्न नव्हतें तेथें, बेरीबेरीच्या रूपानें दिसला. बटाव्हिया येथें आइकमन या डच वैद्यास १८९० नंतरच्या दशकांत पांढऱ्या तांदुळावर पोसलेल्या कोंबड्यांत तसाच रोग दिसला व कोंडा दिल्यावर तो जातांना आढळला. १९२९ सालीं त्यास त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. कुन्नूर येथें मॅक्कॅरिसन यानें हिंदुस्थानांतील निरनिराळ्या लोकांचे आहार उंदरांस देऊन पाहिले. अख्ख्या गव्हाची चपाती, दूध, डाळी व भाज्या यांवर राहणाऱ्या शिखांचा आहार त्यांत पहिला ठरला आणि पांढऱ्या तांदुळावर भिस्त असलेले बंगाली व मद्रासी आहार शेवटीं राहिले. भुकेच्या कोंड्यास प्रथमच मान मिळाला तो या प्रयोगशाळांत.

एका कुटुंबानें तत्त्व म्हणून अख्खें धान्य पत्करल्याचें स्पष्ट व लिखित उदाहरण मला दिसतें तें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतलें, जोहान्सबर्ग येथील गांधींच्या घरचें. आत्मकथेंत त्यांनीं तें सविस्तर सांगितलें आहे. बाजारच्या पिठाऐवजीं सात पौंडांस लोखंडी हातजातें विकत आणलें. तें एकट्यास जड जाई, दोघांस सोपें. गांधी, त्यांचे मित्र पोलाक व मुलें तें फिरवीत. कस्तूरबा मधूनमधून हात लावीत. पण दळणाची वेळ तीच त्यांची स्वयंपाकास लागण्याची. त्या पिठाची न आंबविलेली भाकरी कूने या जर्मन निसर्गोपचारकाच्या रीतीनें होई. हा उतारा मी अनेकदां वाचला आहे. सोमेश्वराच्या काळापासून जें काम बाईचें म्हणून चालत आलें तें येथें बॅरिस्टर व त्याचीं मुलें करीत आहेत. आणि ज्या ग्रंथाच्या आधारानें तें चाललें आहे तो चरक नव्हे, भोजनकुतूहल नव्हे. तत्त्व परदेशांतून आलें, जातें मात्र आपणांस पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचें.

हाच विचार पुढें महाराष्ट्रांत येऊन संस्थारूप पावला. डिसेंबर १९३४ मध्यें वर्धा येथें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनीं आपली बाग दिली, तिला मगनवाडी नांव पडलें, आणि कुमारप्पा चिटणीस झाले. हातसडीचा तांदूळ, जात्याचें पीठ, गूळ, घाणीचें तेल हीं तेथील मुख्य कामें. त्या सुमारास 'हरिजन' पत्रांत गांधींनीं पांढऱ्या तांदुळाविरुद्ध लिहिलें आणि जाणत्या वैद्यांचीं मतें छापलीं. आज ज्यास आपण पूर्वजांचा आहार म्हणतों त्याची चार कलमांची यादी प्रथम अशी एकत्र बांधली गेली ती मगनवाडींत, असें माझें अनुमान आहे. आरोग्याच्या बरोबरीनें खेड्यांतील रोजगार हा तिचा हेतु होता. पुढें रोजगाराचें कलम गळालें व यादी तेवढी पूर्वजांच्या नांवावर जमा झाली.

आतां मूळ शब्दाकडे पुनः येतों. सोमेश्वर ओवी कांडणाशीं जोडतो, दळणाशीं नाहीं. आपण मात्र ओवी म्हटली कीं जातें आठवतों; साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन' संग्रहापासून हेमा राईरकर व गी पॉइटव्हिन यांनीं गांवोगांव हिंडून जमविलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांपर्यंत सारा संसार जात्याचाच. जनाबाईच्या नांवावरील अभंगांत दळण व कांडण दोन्ही शेजारीं उभीं आहेत. मुसळाचा ठेका तुटक असतो, जात्याचा अखंड. ओवी मुसळावरून जात्यावर केव्हां गेली, कीं ती आरंभापासून दोहोंवर होती व राजानें एकच ऐकली, हा प्रश्न छंदाचा आहे तितकाच धान्याचाही आहे. भातापेक्षां ज्वारी-बाजरीचें प्राबल्य वाढलें असेल तर मुसळ मागें पडून जातें पुढें येणें स्वाभाविक होतें.

या प्रश्नाचा उकल छापील ग्रंथांतून होणार नाहीं. संग्राहकांनीं आपल्या बाडांतील एरव्हीं बाजूस टाकलेले कागद पाहावे: वैद्याच्या चोपड्या, देवस्थानांच्या नैवेद्याच्या नेमणुका, शिध्याच्या यादी, कुळाकडून आलेल्या भाताचे व कोठींतून दिलेल्या तांदुळाचे आकडे. भात किती मापें घेतलें व तांदूळ किती उतरला हे दोन आकडे एका कागदावर मिळाले तर त्या घरीं धान्य किती सडीत असत हें गणितानें काढतां येईल. कांडणाऱ्या बाईस मजुरी दिल्याचें एखादें कलम सांपडलें तर तें अवश्य प्रसिद्ध करावें. ओव्यांच्या जुन्या वह्या ज्यांच्याजवळ असतील त्यांनीं उखळ-मुसळाचा उल्लेख असलेल्या ओव्या निराळ्या निवडून, त्या कोणत्या तालुक्यांतल्या व तेथें भात पिकतें कीं ज्वारी, एवढी टीप प्रत्येकीपुढें लिहून ठेवावी.